कडक सीमा : खर्च कोणाच्या खात्यावर?

14 डिसेंबर 1999 च्या संध्याकाळी कॅनडातील व्हिक्टोरियाहून निघालेली एक फेरीबोट अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट एंजलिस या लहानशा बंदराला लागली. बोटीतून एकेक मोटार उतरत गेली आणि सर्वांत शेवटी एक भाड्याची क्रायस्लर पुढे आली. चालकाकडे बेनी नॉरिस या नावाचा कॅनडाचा पासपोर्ट होता, आणि बोटीत चढण्यापूर्वीच अमेरिकेच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी त्याची तपासणी करून त्याला सोडलेही होते. धक्क्यावर उभ्या असलेल्या डायना डीन या सीमाशुल्क निरीक्षक बाईंनी त्याला नेहमीचेच प्रश्न विचारले : कुठे निघालात, कशासाठी, मुक्काम कुठे. उत्तरे तुटक येत होती, डिसेंबरच्या थंडीत माणूस घामाघूम झाला होता आणि बोलता बोलता त्याचे हात गाडीतल्या कप्प्यात उगाच चाचपडत होते. बाईंनी गाडीची झडती घ्यायची ठरवले. डिकीत जादा चाक ठेवण्याच्या खळग्यातून पांढऱ्या भुकटीच्या पिशव्या आणि तपकिरी द्रवाने भरलेल्या बरण्या निघाल्या. अधिकाऱ्यांना प्रथम ते अमली पदार्थ वाटले. पुढे कळले की ते स्फोटकांचे साहित्य होते. पासपोर्ट खोटा होता, माणसाचे खरे नाव अहमद रेसाम होते, आणि लॉस एंजलिसच्या विमानतळावर स्फोट घडवण्याचा त्याचा बेत होता.

सीमा कडक असाव्यात की नसाव्यात हा वाद जेव्हा जेव्हा कानावर पडतो, तेव्हा मला ही संध्याकाळ आठवते. तिथे भिंत नव्हती, काटेरी तार नव्हती, तोफखाना तर नव्हताच. एक दरवाजा होता, त्या दरवाज्यातून कायदेशीर ये-जा चालू होती, आणि त्या ये-जा करणाऱ्यांकडे नीट पाहणारी, त्यांच्याशी दोन वाक्ये बोलणारी, शंका आली तर गाडी थांबवण्याचा अधिकार असलेली एक प्रशिक्षित व्यक्ती होती. सीमेवर तपासणी हवी, ती काटेकोर हवी, आणि आपल्या भूमीवर कोण पाऊल ठेवतो हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ‘कडक सीमा’ या दोन शब्दांत दरवाज्यावरची तपासणी आणि वाळवंटातली भिंत या दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात, त्यांचा फायदा एकत्र मोजला जातो, आणि त्यांचा खर्च मात्र निम्माच मोजला जातो.

फायदा खरा आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, कारण सीमेवरच्या कडकपणाचे टीकाकार पुष्कळदा इथेच अप्रामाणिक होतात. ‘भिंतींचा काही उपयोग होत नाही’ हे विधान सरसकट खरे नाही. इस्रायलने इजिप्तच्या सीमेवर सुमारे 240 किलोमीटर लांबीचे कुंपण 2013 पर्यंत पूर्ण केले. त्याआधी 2011 मध्ये त्या वाटेने हजारो आफ्रिकी स्थलांतरित इस्रायलमध्ये येत होते. कुंपणानंतर ती संख्या नगण्य झाली. भारताने पंजाबच्या सीमेवर 1980 च्या दशकाच्या अखेरीस तारेचे कुंपण आणि प्रकाशझोत उभारायला घेतले, आणि त्या काळात शस्त्रे घेऊन रात्री सहज पलीकडून येणाऱ्या टोळ्यांची वाट त्यामुळे अवघड झाली. ज्यांनी त्या वर्षांत सीमेलगतच्या गावांत रात्री काढल्या, त्यांना कुंपणाचा उपयोग काय हे समजावून सांगायला बाहेरच्या कोणा तज्ज्ञाची गरज नाही. धोका नेमका असेल, भूभाग आटोपशीर असेल आणि पहारा सतत असेल, तर कुंपण आपले काम करते.

हेच कुंपण धोक्याऐवजी मजुराला अडवण्यासाठी उभे राहते, तेव्हा हिशेब बिघडू लागतो. याचे सर्वांत मोठे, आणि माझ्या मते सर्वांत नीट तपासले गेलेले उदाहरण म्हणजे अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधली 3,100 किलोमीटरहून अधिक लांबीची सीमा. 1942 ते 1964 या काळात ‘ब्रासेरो’ या करारान्वये मेक्सिकोचे मजूर अमेरिकेच्या शेतांवर हंगामापुरते कायदेशीरपणे जात आणि परत येत. करार संपला, पण शेते तशीच राहिली, पिके काढायला माणसे लागतच राहिली, आणि माणसे येतच राहिली. फरक इतकाच की आता ती बेकायदेशीर ठरली. तरीही त्या येण्याला एक लय होती. घरातला एक तरुण हंगामात जाई, पैसे पाठवी, घर बांधण्यापुरते किंवा बहिणीच्या लग्नापुरते साठले की परते, आणि पुढच्या वर्षी गरज पडली तर पुन्हा जाई.

1993 मध्ये एल पासो येथे आणि 1994 मध्ये सॅन दिएगो येथे अमेरिकेने शहरांलगतची सीमा रोखून धरण्याच्या मोहिमा सुरू केल्या. शहरांतून वाट बंद झाली की वाळवंट आणि डोंगर इतके भयंकर आहेत की लोक प्रयत्नच सोडून देतील, अशी त्यामागची धारणा होती. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने हॉर्हे ड्युरांड आणि कॅरेन प्रेन यांच्यासमवेत 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या धोरणाचा ताळेबंद मांडला आहे. 1986 ते 2008 या काळात सीमेवरच्या अधिकाऱ्यांची संख्या पाचपट झाली, गस्तीचे तास चौपट झाले, निधी वीसपट झाला. आणि त्याच काळात देशात कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या सुमारे 30 लाखांवरून सुमारे 1 कोटी 20 लाखांवर गेली.

हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण वरवर पाहता ते अशक्य वाटते. सीमा ओलांडणे धोक्याचे आणि खर्चाचे झाले, तेव्हा लोकांनी ओलांडण्याची खेप कमी केली, पण ती अशी कमी केली की एकदा आत पोहोचल्यावर परत जाणेच बंद केले. परत गेलो तर पुन्हा दलालाला पैसे द्यावे लागतील, पुन्हा वाळवंट तुडवावे लागेल, या वेळी कदाचित जीवही जाईल, असा विचार करून जो माणूस आठ महिन्यांनी घरी गेला असता तो तिथेच थांबला. मग वर्षे लोटली, एकटे राहणे असह्य झाले, आणि त्याने बायकोमुलांनाही तसेच आणवून घेतले. जे कुंपण माणसांना बाहेर ठेवण्यासाठी होते, त्याने माणसांना आत अडकवले. मला या अभ्यासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की यात कोणीही वेडेपणाने वागलेले नाही. मजूर शहाणपणाने वागला, गस्त घालणाऱ्याने आपले कर्तव्य केले, खासदाराने मतदारांनी मागितलेला निधी मंजूर केला, आणि सगळ्यांनी मिळून नेमके तेच वाढवले जे सगळ्यांना कमी करायचे होते.

दलालांचेही तसेच. वाट सोपी होती तेव्हा नदीकाठच्या गावातला एखादा माहितगार माणूस थोड्या पैशांत पलीकडे नेऊन सोडत असे. वाट अवघड झाल्यावर त्याच्या जागी संघटित टोळ्या आल्या, कारण अवघड वाटेला वाहने लागतात, टेहळणी लागते, लपवायला घरे लागतात, लाच द्यायला भांडवल लागते. सीमेवर खर्च होणारा प्रत्येक रुपया किंवा डॉलर दलालाच्या मागणीदरात भर घालतो, आणि तो दर शेवटी शेत गहाण टाकून किंवा सावकाराकडून उचल घेऊन भरला जातो. अमली पदार्थांबाबत तर ‘मोकळ्या सीमेवरून विष येते’ ही समजूत फारच ठिसूळ आहे : अमेरिकेत पकडल्या जाणाऱ्या फेंटानिल या जहाल अमली पदार्थाचा मोठा भाग अधिकृत नाक्यांवरच, वाहनांत दडवलेला सापडतो. म्हणजे पुन्हा आपण पोर्ट एंजलिसच्या धक्क्यावर येतो. भिंतीसाठी राखलेला पैसा नाक्यावरच्या क्ष-किरण यंत्रांवर आणि अनुभवी निरीक्षकांवर खर्च झाला असता, तर त्याचे मोल कितीतरी अधिक झाले असते, असे माझे ठाम मत आहे.

आता मोजणीविषयी. सीमेवरच्या यशाचे माप म्हणून ‘इतके पकडले’ हा आकडा दिला जातो. हा आकडा वाढला तर म्हणतात, बघा, आपण किती जागरूक आहोत. घटला तर म्हणतात, बघा, आता कोणी यायला धजावत नाही. जे माप वर गेले तरी यश आणि खाली आले तरी यश दाखवते, ते काहीच मोजत नसते. शिवाय एकच माणूस एका महिन्यात चार वेळा पकडला गेला तर तो चार वेळा मोजला जातो, आणि विमानाने रीतसर व्हिसा घेऊन येऊन मुदत उलटल्यावर राहून गेलेला माणूस या मापात येतच नाही. 11 सप्टेंबर 2001 चे 19 हल्लेखोर व्हिसा घेऊनच अमेरिकेत शिरले होते, ही गोष्ट भिंतीच्या चर्चेत कोणी काढत नाही.

ज्या आकड्याची जागा पहिल्या पानावर असायला हवी तो मात्र शेवटच्या पानावर असतो. अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाच्याच नोंदींप्रमाणे 1998 पासून त्या सीमेवर 8,000 हून अधिक स्थलांतरितांचे मृतदेह सापडले आहेत. जे सापडले नाहीत त्यांची मोजदाद नाही. भूमध्य समुद्रात 2014 पासून 30,000 हून अधिक माणसे बुडून मेली किंवा बेपत्ता झाली, असे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या नोंदी सांगतात. ऑक्टोबर 2013 मध्ये लाम्पेदूसा बेटाजवळ एकाच बोटीतले 360 हून अधिक लोक बुडाले, तेव्हा इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ ही शोध आणि बचावाची नौदल मोहीम सुरू केली आणि वर्षभरात लाखाहून अधिक लोकांना पाण्यातून बाहेर काढले. महिन्याला सुमारे 90 लाख युरो खर्च येतो, आणि वाचवले जाण्याच्या आशेने आणखी लोक बोटीत बसतात, अशी टीका होऊन ती मोहीम ऑक्टोबर 2014 मध्ये थांबवण्यात आली. पण लोक बोटीत बसायचे थांबले नाहीत. 2015 मध्ये समुद्रमार्गे युरोपात दहा लाखांहून अधिक माणसे आली.

मृत्यू हा टोकाचा खर्च झाला. रोजचा, बारीक, कुरतडणारा खर्चही असतो, आणि तो सीमेच्या अलीकडचेच, म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी सीमा कडक केली तेच लोक भरतात. भारत आणि बांगलादेश यांच्यातली सीमा 4,096 किलोमीटर लांब आहे आणि तिच्या मोठ्या भागावर भारताने कुंपण घातले आहे. 1975 मध्ये दोन्ही देशांत ठरलेल्या नियमांनुसार प्रत्यक्ष रेषेपासून 150 यार्डांच्या आत संरक्षक बांधकाम करायचे नाही, म्हणून कुंपण रेषेवर नसून आतल्या बाजूला आहे. साहजिकच कुंपण आणि रेषा यांच्यामध्ये भारताचीच जमीन, भारताचेच शेतकरी आणि काही ठिकाणी त्यांची घरेही राहिली आहेत. शेतकरी सकाळी कुंपणाच्या फाटकाशी येतो, जवानाकडे ओळखपत्र जमा करतो, रजिस्टरात नाव लिहून घेतो आणि बैल, नांगर घेऊन पलीकडे आपल्याच शेतात जातो. फाटक ठरल्या वेळी उघडते आणि ठरल्या वेळी बंद होते, त्यामुळे त्याच्या आधी काम आटोपावे लागते. ताग किंवा मका यांसारखी उंच पिके टेहळणीला आड येतात म्हणून कुंपणालगत त्यांना हरकत घेतली जाते. रात्री कोणाचे दुखणे बळावले तर कुलूप उघडण्याची वाट पाहावी लागते. फाटकावरचा जवानही कोणाचा शत्रू नसतो. तोही घरापासून दूर, पावसापाण्यात, नियमाने बांधलेला असतो. तरीसुद्धा, आपल्याच देशात आपल्याच शेतावर जाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या रजिस्टरात नाव लिहावे लागणे, हा खर्च संरक्षण खात्याच्या किंवा गृह खात्याच्या कोणत्या लेखाशीर्षाखाली दिसतो?

याच कुंपणावर जानेवारी 2011 मध्ये 15 वर्षांची एक बांगलादेशी मुलगी वडिलांबरोबर मायदेशी परतत असताना शिडीवरून तार ओलांडू लागली, तिचे कपडे तारेत अडकले, आणि ती गोळीला बळी पडली. तिचा देह तारेवर तासन् तास लोंबकळत होता. ती आत शिरत नव्हती. घरी चालली होती. या घटनेविषयी मी अधिक लिहू शकत नाही.

व्यापाराचे नुकसान मी थोडक्यात सांगते, कारण ते मोजायला सोपे आहे आणि म्हणूनच ते लवकर दुरुस्तही होते. सप्टेंबर 2001 मधल्या हल्ल्यानंतर अमेरिकेने कॅनडाच्या सीमेवर तपासणी एकदम वाढवली, आणि डेट्रॉइट व विंडसर यांना जोडणाऱ्या पुलावर मालमोटारींच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या. मोटारींचे सुटे भाग ऐन वेळी हजर होतील या भरवशावर चालणारे कारखाने थांबवावे लागले. कारखानदारांचे नुकसान होताच तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर 2001 मध्ये, दोन्ही सरकारांनी एक योजना आखली आणि त्यातून आधीच पडताळणी झालेल्या वाहतूकदारांना वेगळी जलद मार्गिका मिळाली. तपासणी सुटली नाही, उलट ज्यांची माहिती नाही त्यांच्याकडे अधिक लक्ष देता येऊ लागले. मला यातून दिसते ते असे की सरकारांना मनात आणले तर कडकपणा आणि खुलेपणा एकाच नाक्यावर नांदवता येतात. मालासाठी जे तीन महिन्यांत जमले, ते माणसांसाठी तीस वर्षांत का जमत नाही?

क्वचित जमलेही. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेने क्युबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएला या देशांतल्या लोकांसाठी, अमेरिकेत कोणी हमीदार असल्यास, पडताळणी करून महिन्याला 30,000 पर्यंत लोकांना विमानाने येऊ देण्याची सोय केली. त्याच वेळी सीमेवरून चोरून येणाऱ्यांना मेक्सिकोत परत पाठवण्याचा निर्णयही झाला. या देशांच्या नागरिकांचे चोरून येणे पुढच्या काही आठवड्यांत झपाट्याने घटले. दार आणि पहारा दोन्ही एकत्र होते म्हणून ते घडले, असे मला वाटते. ती सोय पुढे राजकारणात टिकली नाही, पण तिने दाखवलेली वाट खोटी ठरत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. 2025 मध्ये अमेरिकेने आश्रय मागण्याची वाट दक्षिण सीमेवर जवळजवळ बंद केली, आणि पकडले जाणाऱ्यांची संख्या कित्येक दशकांतल्या नीचांकावर आली. मग निव्वळ कडकपणाने काम झालेच की. होय, संख्या कमी झाली. पण आश्रय मागणारा आणि काम शोधणारा यांना एकाच दाराबाहेर एकाच वेळी ठेवून ती कमी झाली, आणि त्यातला कोण कशासाठी आला होता हे विचारणेही थांबले. हे विचारणे थांबले की काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. मे 1939 मध्ये ‘सेंट लुईस’ हे जहाज जर्मनीतून 937 प्रवासी घेऊन क्युबाकडे निघाले. त्यातले बहुतेक सर्व ज्यू होते. क्युबाने मोजक्यांनाच उतरू दिले. जहाज फ्लोरिडाच्या इतके जवळून गेले की डेकवरून मायामीचे दिवे दिसत होते, पण अमेरिकेचा कोटा भरलेला होता आणि नियम नियम होता. जहाज युरोपात परतले. त्या प्रवाशांपैकी 254 जण पुढे ज्यूंच्या संहारात मारले गेले. त्या वर्षीच्या सीमा अहवालात मात्र नियमभंग झाल्याची एकही नोंद या जहाजाच्या नावावर पडली नसणार. 1951 च्या निर्वासितविषयक करारात, ज्याच्या जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे त्याला त्या धोक्याच्या ठिकाणी परत ढकलायचे नाही, हे कलम आले त्यामागे असल्या आठवणी होत्या.

कडकपणाचा आणखी एक खर्च आहे, ज्याकडे सुरक्षेची मनापासून काळजी असणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. उंच भिंत पाहणाऱ्याला निर्धास्त करते. गाझाभोवती इस्रायलने जमिनीवर कुंपण आणि जमिनीखाली संवेदक बसवलेली भिंत अशी सुमारे 65 किलोमीटरची यंत्रणा अब्जाहून अधिक डॉलर खर्चून 2021 च्या अखेरीस पूर्ण केली. 7 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी कॅमेऱ्यांवर आणि टेहळणी मनोऱ्यांवर ड्रोनने स्फोटके टाकली गेली आणि बुलडोझरने कुंपण पाडले गेले. पंजाबच्या ज्या कुंपणाचे मी वर कौतुक केले, त्याच्यावरून 2019 पासून ड्रोनने हेरॉइन आणि पिस्तुले येत आहेत. आणि नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर चालून आलेले दहाजण कोणत्याही कुंपणाजवळून आले नव्हते. ते एका मच्छीमार बोटीचा ताबा घेऊन समुद्रातून आले. प्रत्येक वेळी इशारे होते, खबरा होत्या, पण पहाऱ्यामागचे डोळे आणि कान भरवशावर सैलावले होते.

म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही देशाचा गृहमंत्री सीमेसाठी अधिक निधी मागेल, तेव्हा त्याने पकडलेल्यांच्या आकड्याशेजारी आणखी चार आकडे दरवर्षी छापावेत, एवढीच माझी मागणी आहे : सीमेवर सापडलेल्या मृतदेहांची संख्या, रीतसर कामाच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या माणसाला सरासरी किती महिने थांबावे लागले, नाक्यांवर निरीक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि कुंपणापलीकडे शेत असलेल्या शेतकऱ्यांसाठी फाटक दिवसातून किती तास उघडे होते.